लॅपटॉपला स्वतःचीच डिस्क दिसेना, तर?



या सदरात आपण घरातल्या यंत्रांविषयी बोलतो. मिक्सर झाला, इस्त्री झाली, पाण्याची मोटर झाली. अलीकडे मात्र लॅपटॉपची गाऱ्हाणी वाढली आहेत. त्यात नवल नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा संपवली आणि तेव्हापासून कितीतरी घरांत विंडोज ११ नव्याने घालण्याचा उद्योग सुरू झाला. कुणाचा लॅपटॉप मंद झालेला, कुणाच्या मुलाने ‘सगळं पुसून नवं टाकतो’ म्हणून कामाला हात घातलेला, आणि मग काम नेमकं निम्म्यावर अडलेलं!

एका भगिनीने लिहिलं आहे :

“मी घरून शिवणकाम करते. गिऱ्हाइकांची मापं, उधारी, भिशीचा हिशेब आणि मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं लॅपटॉपवर. विंडोज चालू होईना म्हणून भाच्याने नवं घालायला घेतलं, तर पडद्यावर डिस्कच दिसेना. दुकानात नेला. तिथे पाच मिनिटांत सांगितलं, ‘ताई, डिस्क गेली. नवी घालावी लागेल. जुन्यातलं काही मिळणार नाही.’ लॅपटॉप चार वर्षांचाच आहे. खरंच गेली असेल का हो? हिशेबाचं एक वेळ जाऊ दे, पण फोटोंसाठी जीव तुटतो.”

ताई, आधी एक सांगते. डिस्क गेली असं अजून मानू नका, आणि नवी घ्यायची घाईही करू नका. डिस्क कधीकधी खरंच जाते, नाही असं नाही. पण तुमच्या लॅपटॉपच्या वयाकडे पाहता दुसरीही एक शक्यता आहे, आणि ती तपासायला पैसा लागत नाही. म्हणून आजचा सगळा लेख याच विषयावर.

डिस्क असून दिसत का नाही?

लॅपटॉपमध्ये आपलं सगळं सामान ज्यात राहतं ती डिस्क. हल्ली ती बोटभर लांबीच्या हिरव्या किंवा काळ्या पट्टीसारखी असते. तिला एसएसडी म्हणतात. ही डिस्क आणि बाकीचं यंत्र यांच्यामध्ये एक कारभारी बसलेला असतो, त्याला स्टोरेज कंट्रोलर म्हणतात. काय ठेवायचं, काय काढायचं, ते सगळं त्याच्या हातून होतं.

या कारभाऱ्याशी कसं बोलायचं हे विंडोजला शिकवणारी छोटीशी फाइल म्हणजे ड्रायव्हर. गाडीचा नव्हे, बरं का! ही फाइल असली की विंडोज कारभाऱ्याला विचारतं आणि डिस्क पुढे येते. नसली की कोठीची खोली भरलेली असूनही नव्या माणसाला दारच सापडत नाही. पडद्यावर यादी रिकामी दिसते आणि खाली इंग्रजीत संदेश येतो : ‘वुई कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्हज्. टु गेट अ स्टोरेज ड्रायव्हर, क्लिक लोड ड्रायव्हर.’

म्हणजे काय? एकही डिस्क सापडली नाही. ड्रायव्हर हवा असेल तर ‘लोड ड्रायव्हर’ हे बटण दाबा. पाहा, उपाय त्या संदेशातच लिहिलेला आहे. पण घाईत पहिलंच वाक्य वाचलं जातं आणि डिस्क गेली असा निकाल लागतो.

हे कुठल्या लॅपटॉपवर होतं? मुख्यतः इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या. ही पिढी २०२० सालच्या शेवटी बाजारात आली. तिच्यात इंटेलने व्हीएमडी नावाची सोय घातली. मोठ्या कचेऱ्यांच्या सर्व्हरसाठी ती २०१७ पासून होती, ती मग घरगुती लॅपटॉपवरही आली. बऱ्याच कंपन्या ती चालू ठेवूनच लॅपटॉप विकतात. कारखान्यात विंडोज घालताना ड्रायव्हरही घातलेला असतो, त्यामुळे आपल्याला वर्षानुवर्षं काही कळत नाही. पण मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेलं कोरं विंडोज घातलं, की त्यात तो असेलच असं नाही.

तुमचा लॅपटॉप यातला आहे का, हे पाहणं सोपं आहे. कळफलकाजवळच्या चिकटपट्टीवर किंवा खोक्यावर ‘आय-३’, ‘आय-५’ किंवा ‘आय-७’ नंतर जो आकडा असतो, त्याची सुरुवात ११, १२ किंवा १३ ने होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘कोअर अल्ट्रा’ लिहिलं असेल तरीही. एएमडीचा प्रोसेसर असेल तर व्हीएमडीचा प्रश्न येत नाही. तिथे कारण वेगळं शोधावं लागेल.

आणि हे दुखणं नवं नाही हो. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या वेळी सुरुवातीलाच एफ-६ कळ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्यावी लागे. फ्लॉपी केव्हाच इतिहासजमा झाली, पण इंटेलच्या या ड्रायव्हरच्या फाइलच्या नावात ‘एफ-६’ आणि ‘फ्लॉपी’ची अक्षरं पुढेही कितीतरी वर्षं तशीच राहिली! तेव्हा तसं नाव दिसलं तर दचकू नका, ती आपलीच फाइल.

आधी खात्री करा

लॅपटॉप बंद करा. चालू करताच एफ-२ किंवा डिलीट ही कळ टपटप दाबत राहा. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर एफ-१० किंवा एस्केप असते. निळा, काळा किंवा करडा पडदा येईल. त्याला बायोस म्हणतात. तिथे काहीही बदलू नका, फक्त वाचा. ‘स्टोरेज’, ‘एसएसडी’ किंवा ‘एनव्हीएमई’ या शब्दांपुढे डिस्कचं नाव दिसतंय का?

नाव दिसत असेल तर डिस्क जागेवर आहे आणि यंत्राला ती कळतेय. मग संशय ड्रायव्हरवर घ्या. नाव कुठेच दिसत नसेल तर डिस्क सैल झाली असेल किंवा खरंच बिघडली असेल. ते काम मात्र दुरुस्ती करणाऱ्याचंच.

आणखी एक फरक लक्षात असू द्या. कधीकधी संदेश वेगळाच येतो : ‘अ मीडिया ड्रायव्हर युअर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग.’ तेव्हा दोष पुष्कळदा पेनड्राइव्हचा किंवा अर्धवट उतरलेल्या फाइलचा असतो. पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावून पाहा. तरी तेच आलं तर तो पुन्हा नव्याने तयार करा.

विंडोज चालू असेल, तर हा खटाटोपच नको

ज्यांचा लॅपटॉप अजून धडपणे चालतोय त्यांनी हे नीट वाचावं. चालू विंडोजच्या आतूनच, म्हणजे सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मधून, दहावरून अकरावर जाता येत असेल तर तसंच जा. ड्रायव्हर आधीपासून आत असल्यामुळे डिस्क हरवण्याचा प्रश्न येत नाही, फाइलीही जागच्या जागी राहतात. लॅपटॉप मंद झाला असेल तर ‘रीसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय आधी पाहावा. सगळं पुसून कोरं करणं हा शेवटचा मार्ग, पहिला नव्हे.

साहित्य

१. ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह. तो पूर्ण पुसला जातो, म्हणून रिकामाच घ्या.
२. फोटो आणि हिशेब काढून ठेवण्यासाठी दुसरा मोठा पेनड्राइव्ह किंवा बाहेरून लावायची डिस्क.
३. चालू स्थितीतला दुसरा संगणक. शेजारणीचा चालेल, पण सवडीने द्यायला हवा. विंडोजची फाइल पाच-सहा जीबीची असते.
४. लॅपटॉपचा चार्जर. काम सुरू असताना बॅटरी संपता कामा नये.
५. मॉडेलचा पूर्ण क्रमांक. लॅपटॉप उलटा केला की खाली बारीक अक्षरांत असतो. मोबाइलने फोटो काढून ठेवा, चष्मा शोधायला नको.
६. दुपारचे दोन-तीन तास. कुकर लावून मध्येच करण्याचं हे काम नव्हे.

ड्रायव्हर कुठून आणायचा?

पहिली जागा म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीचं संकेतस्थळ. तिथल्या ‘सपोर्ट’ विभागात मॉडेलचा क्रमांक घाला आणि ड्रायव्हरच्या यादीत ‘स्टोरेज’ किंवा ‘चिपसेट’ या गटात पाहा. नाव साधारण ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ असं असतं. तिथे सापडलं नाही तर इंटेलच्या संकेतस्थळावर. या दोन जागा सोडून तिसरीकडे जाऊ नका. ‘मोफत ड्रायव्हर’ म्हणून नाचणाऱ्या जाहिरातींतून काय घरात येईल, याचा नेम नाही.

सर्वांत नवी आवृत्ती म्हणजे सर्वांत चांगली, असं इथे समजू नका. नवी आवृत्ती जुन्या पिढीला चालेलच असं नाही. तुमच्या मॉडेलच्या पानावर जी दिली आहे तीच घ्या.

आता खरी मेख. उतरवलेली फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर विंडोजला ती वाचता येत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. गाठोडं सोडून आतलं सामान बाहेर काढावं लागतं. झिप फाइल असेल तर तिच्यावर उजवं क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ म्हणा. दुहेरी क्लिकने चालू होणारी फाइल असेल तर ती बऱ्याचदा ‘इन्स्टॉल’ आणि ‘एक्स्ट्रॅक्ट’ असे दोन पर्याय देते. आपल्याला एक्स्ट्रॅक्ट हवं. शेजारणीच्या संगणकावर चुकून इन्स्टॉल करू नका हं! इंटेलच्या काही फाइलींना मात्र आज्ञा लिहून उघडावं लागतं. ती आज्ञा इंटेलच्या पानावर दिलेली असते, तिथूनच उचला.

सामान नीट निघालं हे कसं ओळखायचं? फोल्डरमध्ये शेवटी आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशी अक्षरं असलेल्या फाइली एकत्र दिसल्या पाहिजेत. व्हीएमडीच्या फाइलीचं नाव साधारण ‘आयएस्टोरव्हीडी’ असं असतं. हा अख्खा फोल्डर घ्यायचा, त्यातली एकच फाइल नाही.

विंडोजचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने आधी तयार करा आणि मगच हा ड्रायव्हरचा फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर टाका. क्रम उलटा केलात तर फोल्डर पुसला जाईल.

कृती

१. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि लगेच बूट मेनूची कळ दाबा. कंपनीप्रमाणे ती एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

२. भाषा आणि कळफलक विचारेल, ते सांगा. पुढे ‘विंडोज कुठे घालायचं’ हे विचारणारा पडदा येईल. इथेच ती रिकामी यादी दिसते.

३. ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, मग ‘ब्राउझ’. पेनड्राइव्हवर जा, आपला फोल्डर निवडा आणि ‘ओके’ म्हणा.

४. ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर’ असं नाव येईल. त्याच्यापुढे चार अक्षरांची खूण असते. अकराव्या पिढीला ‘९ए०बी’, बाराव्या पिढीच्या लॅपटॉपला सहसा ‘४६७एफ’. ते नाव निवडून ‘नेक्स्ट’ दाबा.

५. क्षणभर थांबा. यादीत डिस्क दिसू लागेल. तिचा आकार खोक्यावरच्यापेक्षा कमी दिसतो, त्याने घाबरू नका. ५१२ जीबीची डिस्क इथे ४७६ च्या आसपास आणि २५६ ची २३८ च्या आसपास दिसते. मोजण्याची पद्धत वेगळी, एवढंच.

आता हात थांबवा! या पडद्यावरची ‘डिलीट’ आणि ‘फॉरमॅट’ ही बटणं दाबली की आतलं सामान पुसलं जातं. पेनड्राइव्हही याच यादीत दिसू शकतो, तेव्हा आकार पाहूनच ओळख पटवा. विंडोजच्या नव्या आवृत्तीत हा पडदा जरा वेगळा दिसतो आणि सगळं पुसलं जाईल या अटीवर खूणही करून घेतो. फोटो काढून घेतले नसतील तर पुढे जाऊ नका.

फोटो आधी वाचवा

पत्र लिहिणाऱ्या ताईंसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हा. ड्रायव्हर घातल्यावर डिस्क दिसू लागली म्हणजे दार उघडलं. विंडोज घालण्याआधी याच दारातून फोटो बाहेर काढता येतात.

त्याआधी मोबाइलवर वनड्राइव्ह किंवा गूगल फोटोज उघडून पाहा. कदाचित फोटोंची नक्कल तिथे आधीच गेलेली असेल. नसेल तर असं करा.

त्या पडद्यावरच शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर जोडीला एफएन कळही दाबावी लागते. काळी चौकट उघडेल. तिथे ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडलं की ‘फाइल’, मग ‘ओपन’. खाली फाइलींचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ करा. आता डिस्कमधले फोल्डर दिसतील. इथे सी, डी ही अक्षरं नेहमीसारखी नसतात, म्हणून ‘युजर्स’ हा फोल्डर जिच्यात असेल ती आपली डिस्क. त्यात तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘पिक्चर्स’, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ असतील. हव्या त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘कॉपी’ म्हणा, बाहेरच्या डिस्कवर जाऊन ‘पेस्ट’ म्हणा.

नक्कल होत असताना पडद्यावर काही हलताना दिसत नाही, सगळं गोठल्यासारखं वाटतं. धीर धरा. पुष्कळ फोटो असतील तर बराच वेळ लागतो. घाईघाईने बंद केलंत तर केलेलं वाया जाईल. झाल्यावर बाहेरची डिस्क शेजारणीच्या संगणकाला लावून दोन-चार फोटो उघडून पाहा. ते उघडले, की मगच मूळ लॅपटॉपवर पुढचं काम.

यात एक अडचण येऊ शकते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. मग डिस्क दिसते पण उघडत नाही. त्याची किल्ली ४८ आकडी असते आणि बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मोबाइलवरून खात्यात शिरा आणि तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ शोधा. ती मिळाली तर जाणकार माणूस कुलूप उघडू शकतो. किल्लीशिवाय मात्र कोणाचाही इलाज चालत नाही, हेही खरं. म्हणून ज्यांचा लॅपटॉप आज चालू आहे त्यांनी ही किल्ली आजच वहीत उतरवून ठेवावी. घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत तिची जागा आहे.

काही शंका

*‘नो साइन्ड डिव्हाइस ड्रायव्हर्स वेअर फाउंड’ असं येतं.*
गाठोडं सोडलेलं नाही किंवा फोल्डर चुकला आहे. आयएनएफ फाइल जिथे प्रत्यक्ष दिसते, तोच आतला फोल्डर निवडा. दोन-तीन फोल्डर असतील तर एकेक करून पाहा.

*यादीत कंट्रोलरचं नावच येत नाही.*
‘हाइड ड्रायव्हर्स...’ अशा शब्दांपुढे बरोबरची खूण असते. तिच्यामुळे फक्त तुमच्या यंत्राला जुळणारे ड्रायव्हर दिसतात. ती खूण काढून काही दिसलं, तर फाइल आहे पण दुसऱ्या पिढीची आहे असं समजा. न जुळणारा ड्रायव्हर घालून डिस्क दिसणार नाही. योग्य तो शोधून आणा.

*विंडोज घातलं, पण आता वायफाय दिसत नाही आणि पुढे जाऊ देत नाही.*
हेही ड्रायव्हरचंच दुखणं. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती सुरुवातीलाच इंटरनेट मागते. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, बहुधा काम होतं. स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवताना वायफायचाही उतरवून ठेवला तर आणखी बरं.

*भाचा म्हणतो, बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं की झालं. खरं का?*
खरं आहे, पण अर्धं. व्हीएमडी बंद केलं की कोऱ्या विंडोजला पुष्कळदा डिस्क सरळ दिसते. घरात एकच डिस्क असलेला लॅपटॉप असेल, सगळं सामान बाहेर काढून झालं असेल आणि नव्यानेच सुरुवात करायची असेल, तर हा मार्ग चालतो. पण जुनं विंडोज अजून आत असेल तर नुसतं हे बटण फिरवल्याने ते चालू होईनासं होतं, निळा पडदा येतो. डिस्कला बिटलॉकर असेल तर किल्ली मागितली जाते. आणि दोन डिस्का रेड पद्धतीने जोडलेल्या असतील तर या बटणाला हातच लावू नका, सामान गमावून बसाल. शिवाय, बंद ठेवून विंडोज घातलं असेल तर पुढे कोणी ते पुन्हा चालू करू नये. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. म्हणून ड्रायव्हर घालणं हाच सरळ मार्ग.

दुकानात जायचंच असेल, तर

सगळ्यांनाच हे घरी जमेल असं नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. दुकानदार सगळे लबाड असतात असंही माझं म्हणणं नाही. गर्दीच्या वेळी संदेश अर्धाच वाचला जातो, इतकंच. पण चार गोष्टी विचारून घ्या.

‘बायोसमध्ये डिस्क दिसते का? मला दाखवा.’ हा पहिला प्रश्न. ‘इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर घालून पाहिलात का?’ हा दुसरा. एवढं विचारलंत की समोरचा माणूस खुर्चीतून जरा सरसावून बसेल. तिसरं, काम सुरू करण्याआधी फोटो आणि हिशेब काढून देणार का, त्याचे किती घेणार, हे पावतीवर लिहून घ्या. आणि चौथं, नवी डिस्क घालायचीच ठरली तर जुनी परत मागा. ती तुमची आहे. तिच्यात तुमच्या घरचे फोटो आहेत, बँकेचे कागद आहेत. ती दुकानाच्या खणात पडून राहू नये. डिस्क शाबूत निघाली तर बाहेरचं कव्हर घालून तीच पुढे साठवणीला वापरता येते.

ताई, तुम्ही आज एवढंच करा. लॅपटॉप दुकानातून घरी आणा. बायोस उघडून डिस्कचं नाव पाहा. नाव दिसलं तर भाच्याला हा लेख वाचायला द्या, आणि फोटो बाहेर निघेपर्यंत ‘डिलीट’ला हात लावू नकोस अशी सक्त ताकीद द्या. मुलं हुशार असतात, पण पुसायची घाई त्यांना फार! त्यांचं सगळं मोबाइलवर असतं. आपली मापं आणि उधारी त्या डिस्कवर असते. आणि नाव दिसलंच नाही, तरी डिस्क फेकू नका. मोठ्या शहरांत बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे लोक असतात. खर्च बराच येतो आणि यशाची हमी नसते, म्हणून आधी अंदाज विचारून मगच ठरवा.

वहीत लिहून ठेवा

गॅसचा ग्राहक क्रमांक, विजेच्या बिलाचा क्रमांक आपण लिहून ठेवतोच. त्याच पानावर आणखी चार ओळी वाढवा :

लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक.
बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली.
मायक्रोसॉफ्ट खात्याचा ई-मेल पत्ता.
फोटोंची शेवटची नक्कल कधी काढली, ती तारीख.

आणि स्टोरेज व वायफाय या दोन्ही ड्रायव्हरचे फोल्डर एका जुन्या, लहानशा पेनड्राइव्हवर टाकून तो लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवा. लॅपटॉप चालू असताना हे काम अर्ध्या तासाचं आहे. बंद पडल्यावर तेच शेजारपाजारी हिंडायला लावतं.

फोटोंची नक्कल कधी, कुठे आणि कशी ठेवावी याबद्दलही बऱ्याच जणींनी विचारलं आहे. त्याविषयी पुढच्या अंकात. तोवर आपापल्या लॅपटॉपचे क्रमांक शोधून ठेवा, आणि कुठे अडलात तर पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा उतरवून कळवा. ‘काहीतरी इंग्रजीत येतं’ एवढ्यावरून मलाही औषध सांगता येत नाही!